आरोग्य-शंका : केळ्याचे दोरे आणि जंतांची अंडी

प्रश्न : आम्ही रावेर तालुक्यातले केळी बागायतदार. माझा दीड वर्षाचा नातू रोज केळे खातो. त्याच्या शौचात बारीक काळे दोरे दिसले, म्हणून तपासणी करून घेतली. अहवालात ‘ओव्हा, सिस्ट आढळले नाहीत’ असे आले. आम्हाला डोळ्यांनी दिसते ते मायक्रोस्कोपला का दिसू नये?

उत्तर : ते दोरे बहुधा केळ्याचेच असावेत. गरातले तंतू आणि चिकाच्या नलिका लहान मुलांना पुरत्या पचत नाहीत व काळ्या पडून बाहेर येतात. चार दिवस केळे बंद करून पाहावे. असा दोरा मायक्रोस्कोपखाली धरला, तर वनस्पतीच्या पेशींच्या भिंती आणि कधी स्प्रिंगसारखी वेटोळी दिसतात. जंताचे आतडे त्यात सापडत नाही.

‘ओव्हा’ म्हणजे अंडी आणि ‘सिस्ट’ म्हणजे अमिबासारख्या एकपेशीय परजीवीची कवचातली सुप्त अवस्था. तपासनीस काडीच्या टोकावर मावेल एवढे शौच स्लाइडवर एकदा सलाइनच्या आणि एकदा आयोडीनच्या थेंबात कालवतो व वर कव्हरस्लिप ठेवून आधी 10च्या, मग 40च्या भिंगाने पाहतो. मोठ्या गोल जंताचे फलित अंडे सोनेरी-तपकिरी आणि खडबडीत असते. अंकुशकृमीचे मात्र रंगहीन, पातळ कवचाचे, आत चार ते आठ पेशींचा पुंजका आणि भोवती मोकळी जागा, असे असते. एकदा नीट पाहिलेल्याला ही दोन्ही चुकत नाहीत. खरी कसोटी अमिबाच्या सिस्टची. आयोडीनमध्ये भाकरीतल्या स्टार्चचे कण निळे-काळे होतात म्हणून लगेच वगळता येतात, पण पिवळट राहिलेल्या सिस्टमधली केंद्रके मोजावीच लागतात : रोगकारक अमिबाच्या पक्व सिस्टमध्ये चार, तर निरुपद्रवी एंटअमिबा कोलायच्या सिस्टमध्ये बहुधा आठ. त्यातही चार केंद्रकांचा एक निरुपद्रवी अमिबा हुबेहूब तसाच दिसतो, त्यामुळे केवळ सिस्ट पाहून औषध सुरू करण्याची घाई मला पटत नाही.

तरीही एका नमुन्यावर निर्धास्त राहू नये, कारण अंडी रोज सारखी पडत नाहीत. एकाआड एक दिवस असे तीन नमुने द्यावेत. आपल्याकडच्या वैशाखात एसटीने दोन-तीन तास प्रवास करून आलेल्या डबीतून जिवंत, हलणारा अमिबा शोधणे व्यर्थच, कारण पातळ शौच अर्ध्या तासात पाहावे लागते. डबी उबेत दिवसभर राहिली, तर अंकुशकृमीची अंडी फुटून अळ्या बाहेर पडतात आणि त्या दुसऱ्याच कृमीच्या समजल्या जाण्याची शक्यता असते.

दोरे पांढरे आणि वळवळणारे असते, तर माझे उत्तर वेगळे असते. सुतासारख्या त्या कृमीची मादी रात्री गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर अंडी घालते, म्हणून ती शौचात क्वचितच सापडतात. त्यासाठी सकाळी, मुलाला धुण्यापूर्वी, पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून स्लाइडवर लावून आणावी.