वाचक विचारतात : तयार बेसशिवाय घरची लिक्युअर

प्रश्न : बाजारातला गोड बेस न घेता काजूच्या फेणीत कोकमाची लिक्युअर (गोड मद्य) करायची आहे. घरात आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आहे, ते किती घालावं? (फोंडा)

आगळ नकोच. त्यात मीठ असतं आणि साखर कितीही घातली तरी ते जिभेला कळतं. सोलांनाही, म्हणजे वाळवलेल्या सालींनाही, बहुधा मीठ लावलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये पिकलेले रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं आणा, बिया आणि गर काढून नुसत्या साली घ्या. 250 ग्रॅम साली पातळ चिरून 500 मिली फेणीत घाला. बरणी काचेची हवी, जागा अंधारी हवी, कारण उजेडात कोकमाचा रंग विटतो. रोज एकदा हलवा. दहा दिवस पुरे. आणखी ठेवलं तर रंग वाढत नाही, तुरटपणा तेवढा वाढतो.

आता हिशेब, कारण बेस नसला की तोच सांभाळायचा असतो. बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेल्या 500 मिली फेणीत 214 मिली अल्कोहोल असतं. सालींतलं 200 मिलीच्या आसपास पाणी तिच्यात उतरतं आणि ताकद 30 टक्क्यांवर येते. फडक्यातून गाळल्यावर 550 मिलीच्या आसपास हाती लागतं, बाकीचं साली पिऊन बसतात. 200 ग्रॅम साखर 100 मिली पाण्यात मंद आचेवर विरघळवली की 225 मिली पाक होतो. तो मिसळल्यावर लिक्युअर 21 टक्क्यांची होते. तेवढ्याच साखरेला 200 मिली पाणी घेतलंत, तर ती 19 वर घसरते आणि बाहेर टिकण्याची खात्री राहत नाही. एकतारी पाक करत बसू नका. साखर विरघळली की उतरवा आणि पूर्ण गार करूनच ओता. गरम पाकाने वास आधी उडतो. मग महिनाभर बाटलीला हात लावू नका.

फेणी थेट भट्टीवरून आणली असेल तर तिची ताकद अल्कोहोलमीटरने मोजा, पण साली आणि साखर पडण्याआधी. साखर पडल्यावर हा मीटर खोटा आकडा दाखवतो.

प्रश्न : फेणीऐवजी हुर्राकात आंब्याच्या फोडी घातल्या तर? (डिचोली)

हुर्राक म्हणजे काजूच्या आंबवलेल्या रसाची भट्टीतून एकदाच काढलेली दारू, साधारण 15 टक्क्यांची. आंब्याचं पाणी उतरलं की तो 10 च्या आसपास येतो. एवढ्यात यीस्ट मरत नाही. फळाची साखर खाऊन ते पुन्हा आंबवायला लागतं आणि घट्ट बूच लावलेली बाटली फुटू शकते. हुर्राक लिंबू-मीठ घालून ताजाच प्यावा. आंब्याला फेणी किंवा व्होडकाच घ्या.

प्रश्न : लिंबाची लिक्युअर केली. पाक घालताच दुधाळ झाली आणि कडूही लागते. (म्हापसा)

ही दोन वेगळी दुखणी आहेत. दुधाळपणा सालीतल्या तेलाचा. कडक दारूत ते विरघळलेलं असतं. पाकाने ताकद उतरली की बारीक थेंब होऊन तरंगतं. त्यात बिघडलेलं काही नाही, आणि गाळूनही ते फारसं जात नाही.

कडूपणा मात्र सालीखालच्या पांढऱ्या भागाचा, आणि तो एकदा उतरला की निघत नाही. कागदी लिंबाची साल पातळ असते, त्यामुळे सुरीने सोलताना पांढरं येतंच. बारीक किसणीवर हलक्या हाताने, एका जागी एकदाच फिरवून हिरवं तेवढं काढा. 500 मिलीला 10 लिंबं, पाच ते सात दिवस. इथे काजूची फेणी घेऊ नका, तिच्या वासापुढे लिंबू उरत नाही. व्होडका बरी, नाहीतर माडाची फेणी. प्लास्टिकची बरणीही टाळा. लिंबाचं तेल प्लास्टिकला खातं.

प्रश्न : साखरेऐवजी माडाचा गूळ चालेल का? (मडगाव)

कॉफी किंवा आल्याच्या लिक्युअरला छान लागतो. कोकमाला नको, रंग मातकट होतो. गूळ पाण्यात उकळून मळी काढा, दाट फडक्यातून गाळा आणि रात्रभर निवळू देऊन वरचाच पाक घ्या. मिसळल्यावरही तळाशी गाळ बसेल. आठवड्याने बाटली न हलवता दुसऱ्या बाटलीत ओता. माडाच्या गुळाला किंचित खारी चव असते, म्हणून आधी कपभरच करून पाहा.