थर्टी-थर्टीच घे

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

तुझी हंटर सेफ्टीची परीक्षा झाली, लायसन्स आलं आणि पहिल्याच आठवड्यात तू रायफल बघायला दुकानात जाऊन आलीस. फोटो पाहिला. काळा प्लास्टिकचा दस्ता, ६.५ पीआरसी नावाचं नवं काडतूस घेणारी, वर मनगटाएवढा जाड स्कोप, पंचवीस पट मोठं दाखवणारा. "मामा, घेऊन टाकू का?" असं विचारलंयस. नको घेऊस. निदान यंदा तरी नको. त्यापेक्षा एखादी जुनी थर्टी-थर्टी घे, म्हणजे थर्टी-थर्टी नावाचं काडतूस घेणारी जुनी रायफल. का, ते सविस्तर लिहितो, फोनवर हे नीट सांगून होत नाही.

आधी रान बघायचं, मग बंदूक. तू येणार आहेस ती माझ्याबरोबर पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात. ओक आणि हेमलॉकची दाटी, खाली छातीपर्यंत लॉरेलची झुडपं. तिथे मी एकवीस हंगाम काढले. सगळ्यात लांबून मारलेलं हरीण नव्वद यार्डांवर होतं, बाकीची बहुतेक पन्नासच्या आत. दुकानातल्या त्या रायफलीची गोळी सेकंदाला जवळजवळ ३,००० फूट वेगाने सुटते. उघड्या माळावरच्या लांब नेमासाठी ती बनवलेली आहे. चाळीस यार्डांवर त्या वेगाने हरणाच्या खांद्याला लागली की हाडाचा चुरा होतो आणि आसपासचं मांस रक्त साकळून काळंनिळं पडतं. एका मित्राचं हरीण सोलायला मी मदतीला बसलो होतो. पुढचा अख्खा फरा असाच गेला होता. जीव घेतला आणि त्यातला मोठा वाटा टाकून दिला. ते मला अजून सलतं.

आता थर्टी-थर्टीबद्दल. जॉन ब्राउनिंगने विंचेस्टर कंपनीसाठी १८९४ ची लिव्हर रायफल (चापाखालचा दांडा ओढून नवं काडतूस आत घेणारी) तयार केली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी थर्टी-थर्टी हे काडतूस आलं. बिनधुराच्या दारूवर चालणाऱ्या अमेरिकेतल्या अगदी पहिल्या शिकारी काडतुसांपैकी हे एक. त्याआधी काळी दारू असायची. बार काढला की समोर धुराचा पडदा, आणि सावज पडलं की पळालं ते धूर विरेपर्यंत कळायचं नाही. नावातला पहिला तीस म्हणजे नळीचं माप, इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले तीस. दुसरा तीस म्हणजे सुरुवातीला काडतुसात भरत ती तीस ग्रेन दारू (ग्रेन हे वजनाचं अगदी लहान माप). आज दुकानात मिळणारी १७० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण २,२०० फूट जाते. शंभर यार्डांवर नेम बसवून ठेवलास तर दोनशे यार्डांवर ती आठ-नऊ इंच खाली उतरते. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून नाश्त्याच्या बशीएवढी जागा असते. तेव्हा दोनशे यार्डांचा विचारच करायचा नाही. सव्वाशेपर्यंत, आणि तू नवीन आहेस म्हणून या वर्षी पंचाहत्तरपर्यंत.

लोक हाच तिचा दोष सांगतात. मला ती याच कारणासाठी हवी आहे. हात लांबवर पोचत नाही म्हटल्यावर जवळ जावं लागतं, आणि जवळ जायचं तर वारा कळला पाहिजे, वाळलेल्या पाचोळ्यात पाऊल कसं टेकायचं ते कळलं पाहिजे, हरणाची वाट कुठल्या खिंडीतून वर चढते ते आदल्या महिन्यात हिंडून बघून ठेवलं पाहिजे. हे सगळं शिकायला मला सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांत माझ्या हाती पाचशे यार्ड मारणारी रायफल असती तर मी एका दगडावर बसून राहिलो असतो आणि समोरच्या डोंगरउतारावर गोळ्या टाकल्या असत्या. काही लागल्या असत्या, काही पोटात लागल्या असत्या. पोटात गोळी घेऊन अंधारात निघून गेलेलं हरीण शोधत फिरणं काय असतं ते तुला कधी न कळो.

जुन्या हत्याराची ही ओढ मात्र मला इथे लागलेली नाही. तुझ्या आजोबांची ठासणीची बंदूक तू पाहिली नाहीस; तुझ्या जन्माआधीच परवाना परत केला होता. शेतीसंरक्षणाचा परवाना होता तो, आपल्याकडे कोकणात पुष्कळ घरांतून असायचा. निवडणूक लागली की बंदूक चौकीवर नेऊन जमा करायची, निकालानंतर परत आणायची. भात पोटरीला आलं की डुकरं उतरायची आणि बाबा रात्री शेताच्या कडेला माळ्यावर जाऊन बसायचे. दारूचा डबा आणि कंदील धरायला मी. ते मोजून दारू ओतायचे, वर काथ्याचा बोळा, मग लोखंडी गजाने ठासायचं, मग छर्रे, परत बोळा, आणि अगदी शेवटी, नळी शेताकडे वळवल्यावरच, बार पेटवणारी छोटी टोपी बसवायची. हे सगळं होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. पुढचा बार भरायला दोन-तीन मिनिटं जाणार, म्हणून पहिल्याला घाई नसायची. कितीतरी रात्री डुकरं आली, बाबांनी नुसता हवेत बार काढला आणि कळप रानात पळाला. ते पुरेसं होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे हौसेची शिकार संपलीच, आणि ते योग्यच झालं. मी शिकार शिकलो ती इथे, लायसन्स काढून, हरणाला टॅग लावून. पण बंदूक भरताना गप्प राहायचं, ते त्या माळ्यावरचं आहे.

दुकानदार तुला म्हणाला असेल की नवं काडतूस म्हणजे नवं शास्त्र. थोडं खरं आहे, पण इतिहास माहीत असू दे. ६.५ क्रीडमूर २००७ साली आलं आणि जो तो त्याचं कौतुक करू लागला. स्वीडन-नॉर्वेचं ६.५ गुणिले ५५ हे १८९४ चं आहे, आणि १४० ग्रेनची गोळी ते जवळपास तशीच टाकतं. तिकडे मूस, म्हणजे हरणाच्या जातीचा अवाढव्य प्राणी, मारायला अजून वापरतात. ७ मिलिमीटर माउझर त्याच दशकातलं. त्यालाच लंडनच्या रिग्बी या बंदूक बनवणाऱ्या कंपनीने .२७५ असं नाव दिलं, आणि १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली म्हणून संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी जिम कॉर्बेटना जी रायफल भेट दिली ती हीच. पुढे कॉर्बेट कुमाऊंच्या जंगलात तीच हलकी रायफल घेऊन वर्षानुवर्षं फिरले. हरणांची गोष्ट सोड, समोर नरभक्षक होते, आणि दाट झाडीत मोजक्या पावलांवर. थर्टी-ऑट-सिक्स १९०६ चं, .२७० विंचेस्टर १९२५ चं. शंभर वर्षांत हरणाची कातडी काही जाड झालेली नाही.

हेही सांगतो, की सगळं जुनं मला चांगलं वाटत नाही. आजच्या गोळ्या, म्हणजे काडतुसाच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा, जुन्यांपेक्षा कितीतरी चांगल्या आहेत. मी स्वतः थर्टी-थर्टीमध्येही तांब्याची गोळी वापरून पाहिली, मांसात शिसं जात नाही म्हणून. स्वस्तातल्या स्वस्त नव्या रायफलीचा नेमसुद्धा माझ्या रायफलीपेक्षा सरळ असतो. आणि उद्या तू वायोमिंगच्या माळावर प्राँगहॉर्न, म्हणजे तिथलं काळविटासारखं जनावर, मारायला निघालीस, तर मीच तुला लिव्हर घरी ठेवायला सांगीन.

जुनी रायफल घेताना मात्र डोळे उघडे ठेव. विंचेस्टर ९४, म्हणजे तीच १८९४ ची, घ्यायची तर १९६४ च्या आधीची मिळाली तर बघ. त्या वर्षापासून खर्च वाचवायला काही भाग पत्रा ठोकून बनवू लागले, आणि लिव्हर ओढली की फरक हाताला कळतो. डोळ्याचा नंबर वाढला असेल तर मार्लिन ३३६ बघ. तिची रिकामी पुंगळी बाजूने बाहेर पडते, त्यामुळे वर छोटा स्कोप बसतो. जुन्या विंचेस्टरची पुंगळी वरूनच उडते, तिथे स्कोप नीट बसत नाही. घेतल्याबरोबर पहिला बार काढायच्या आधी बंदुकीच्या कारागिराकडे नेऊन हेडस्पेस, म्हणजे काडतूस आत नीट घट्ट बसतं की नाही ते, तपासून घे. आणि टोकदार गोळीचं काडतूस या रायफलीत कधीही भरू नकोस. काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर, म्हणजे बुडाशी असलेल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर, टेकतं, आणि दणक्याने ते आतच उडू शकतं. म्हणून तिची गोळी चपटी किंवा बोथट असते, नाहीतर खास तिच्यासाठी केलेली मऊ रबरी टोकाची.

आता सगळ्यात महत्त्वाचं, घोडा, म्हणजे मागे ओढायची ती हातोडी; चाप दाबला की ती पुढे आपटून बार होतो. जुन्या ९४ ला वेगळं सेफ्टीचं बटण नाही. घोडा अर्धा ओढलेला, हीच तिची सेफ्टी. पूर्ण ओढलेला घोडा परत अर्ध्यावर आणताना अंगठ्याने तो घट्ट धरायचा, चाप दाबायचा, घोडा सुटला असं जाणवताच चापावरून बोट काढून घ्यायचं, आणि मगच अंगठ्याने घोडा हळू पुढे आणायचा. बोट काढलेलं असेल तर अंगठा निसटला तरी अर्ध्याची खाच त्याला धरते. मी एका डिसेंबरात, ओले हातमोजे घातलेले असताना, चाप दाबूनच ठेवला. अंगठा घसरला. बार झाला. नळी जमिनीकडे होती म्हणून दोन पावलांवर बर्फात काळं भोक पडलं आणि तेवढ्यावर निभावलं. मी तिथेच बसलो, हात थरथरत होते, त्या दिवशी पुढे गेलो नाही. तू हे घरी, रिकाम्या रायफलीवर, दोनशे वेळा कर. मग हातमोजे घालून दोनशे वेळा. मग डोळे मिटून.

काडतुसांची काळजी करू नकोस, थर्टी-थर्टी खेड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळते. .३०० सॅव्हेज किंवा .३५ रेमिंग्टनच्या सुंदर रायफली तुला स्वस्तात दिसतील, मोहही होईल. त्यांची काडतुसं शोधत फिरावं लागतं, तेव्हा ते नंतर कधीतरी. वाचलेल्या पैशात चांगले बूट घे, लोकरीचे मोजे घे, आणि काडतुसाचे पाच-सहा जास्तीचे डबे. कागदावर बशी काढ आणि पन्नास यार्डांवर उभ्याने, गुडघ्यावर, झाडाला टेकून मार. बाकावर बसून मारलेले नेम रानात कामाला येत नाहीत. उघड्या नेमाची सवय व्हायला महिना लागेल: मागची खाच धूसर दिसू दे, सावजही जरा धूसर चालेल, नळीच्या टोकावरची माशी (नेमाचा छोटा खुंट) मात्र लख्ख दिसली पाहिजे.

तुझ्या आईशी काल बोललो. तिची काळजी खरी आहे, तिला उडवून लावू नकोस. एकदा तिला रेंजवर घेऊन ये आणि तू रायफल कशी रिकामी करतेस ते तिच्यासमोर करून दाखव. एकेक काडतूस लिव्हरने बाहेर, मग आत बोट घालून बघायचं, मग परत बघायचं.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हंगाम उघडतो. तू शुक्रवारी रात्रीच ये. नारिंगी टोपी आणि जाकीट विसरू नकोस. डोकं, छाती आणि पाठ मिळून अडीचशे चौरस इंच नारिंगी दिसलं पाहिजे असा कायदा आहे. गाडीत रायफल रिकामी. मी पहाटे साडेचारला चहा ठेवतो. ओढ्यापलीकडच्या खिंडीत एक पडलेला ओक आहे, त्याच्या मुळाशी दोघांना बसता येतं, आणि वारा बहुतेक वायव्येचा असतो, म्हणजे तोंडावर. तिथून हरणांची वाट पंचेचाळीस पावलांवर आहे. मी गेल्या रविवारी मोजून आलो.

तुझा,
मामा