किंगस्वेचं इंजिन खोलू की डिझेल टाकू?

प्रश्न: काका नमस्कार. माझ्या आबांची 1951 ची डॉज किंगस्वे आहे, रामबागेतल्या आमच्या वाड्याच्या चौकात बरीच वर्षं ताडपत्रीखाली पडून होती, मागच्या दिवाळीत सुरू केली. इंजिन मूळचंच, सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड. इंदुरात फिरते छान, पण महेश्वरहून परत येताना भेरूघाटात पार गळून गेली, पाणी उकळलं, अर्धा तास थांबावं लागलं. मागे निळा धूर, गरम झाल्यावर आयडलला ऑइल प्रेशर 5 वर येतं, आणि गरम इंजिन बंद केलं की सेल्फ असा फिरतो की जसं कोणी जात्यावर दळतंय. मिस्त्रींनी कंप्रेशन घेतलं, म्हणजे एकेका सिलिंडरमधला दाब मोजला, पुढून मागे 105, 105, 100, 95, 70, 60. ते म्हणाले, “मॅडम, इसमें कुछ नहीं रखा, डीजल डलवा लो.” बाबांनाही ते पटलंय. मला हेच इंजिन ठेवायचंय, फक्त थोडा दम वाढला तर बरं, चौघं बसून घाट चढला पाहिजे. आणि ते इथेनॉलवालं पेट्रोल चालेल का? — एक वाचक, इंदूर

उत्तर: डिझेल इंजिन टाकू नकोस. बाबांना हे पत्र वाचून दाखव, मिस्त्रींनाही दाखव.

तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ते सहा आकडे. पुढचे चार बरे आणि मागचे दोनच झोपलेत. रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) झिजल्या असत्या तर थोड्याफार सगळ्याच झिजल्या असत्या, असे शेजारशेजारचे दोन पडले नसते. शेजारचे दोन पडले की एक शंका हेड गॅस्केटची, ती हेड उतरवलं की कळेलच, पण मागचेच दोन आणि वर घाटात उकळते म्हटल्यावर माझी पहिली शंका वेगळी आहे. मिस्त्रींना सांग, पाच आणि सहामध्ये चमचाभर ऑइल सोडून परत कंप्रेशन घ्या, पण या इंजिनात प्लगचं भोक सिलिंडरच्या बरोबर डोक्यावर नसतं, म्हणून वाकडी नळी लावून पिस्टनच्या बाजूला सोडायचं, नाहीतर सगळं ऑइल वॉल्व्हवर बसतं आणि टेस्ट खोटं बोलते. आकडा वर आला तर रिंगा, तिथेच राहिला तर वॉल्व्ह. माझी पैज वॉल्व्हवर.

का ते सांगतो. फ्लॅटहेडमध्ये वॉल्व्ह हेडमध्ये नसतात, ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या शेजारी उभे असतात, हेड म्हणजे नुसतं झाकण. म्हणजे एक्झॉस्टची सगळी आग ब्लॉकच्या पोटातून जाते आणि वॉल्व्हच्या सीटांना (वॉल्व्ह ज्या कडांवर बसतात त्या) थंड ठेवायला क्रायस्लरवाल्यांनी ब्लॉकच्या आत, वॉटर पंपाच्या मागून शेवटच्या सिलिंडरपर्यंत पत्र्याची एक लांब चपटी नळी घातलीय. तिला भोकं असतात, पंपाचं थंड पाणी त्यातून थेट वॉल्व्ह सीटांजवळ पडतं. ही नळी गंजते. गाडी पाण्यानिशी वर्षानुवर्षं उभी राहिली, कूलंट नाही, नुसतं बोअरिंगचं खारं पाणी, मग काय होणार? पुढची भोकं मोठी होतात, सगळं पाणी पुढेच पडतं, मागच्या दोन सिलिंडरांना उरतं गरम पाणी आणि गाळ. वर काटा नॉर्मल दाखवतो आणि खाली सहा नंबरचा एक्झॉस्ट वॉल्व्ह भाजत असतो!

मी पहिल्यांदा अशी नळी काढली तेव्हा ती नळी म्हणून आलीच नाही, रेडिएटर काढला, पंप काढला, तारेचा आकडा घालून ओढलं तर हातभर तपकिरी पापुद्रा आला, कांद्याच्या सालासारखा, बाकी सगळं आतच. दोन दिवस गेले कुरतडून काढण्यात. शेवटी बाजूचे सगळे वेल्च प्लग (ब्लॉकच्या भोकांची पत्र्याची बुचं) काढून आतला चिखल स्क्रू ड्रायव्हरने खरवडला, चहाच्या बशीत मावणार नाही इतका निघाला. नवी पितळी किंवा स्टेनलेसची नळी मिळते, मागवून ठेव. हे काम इंजिन न उतरवताही होतं, पण तुझं इंजिन तसंही उतरणारच आहे.

कारण ऑइल प्रेशर. आयडलला गरम असताना 15 च्या वर हवं, रस्त्यावर चालताना 40 च्या आसपास. पण 5 बघून लगेच क्रँक ग्राइंडिंगला पाठवू नकोस, आधी दुसरा गेज लावून बघ, मग ब्लॉकच्या बाजूचा रिलीफ वॉल्व्ह काढून त्याची स्प्रिंग बघ. तरीही 5 च असेल तर क्रँक मोजायचा. याला चार मेन बेअरिंग आहेत आणि बेअरिंग शेलवाली (सुट्या, बदलता येणाऱ्या पात्यांची) आहेत, म्हणजे क्रँक 10 किंवा 20 थाउ ग्राइंड करून अंडरसाइज शेल बसतात, ओतीव व्हाइट मेटलची भानगड नाही (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मशीनशॉपमध्ये हाच शब्द चालतो, सूत-मिलिमीटर बोललीस तर घोटाळा होईल).

आता माझी चूक ऐक, म्हणजे तुझे पैसे वाचतील. या फ्लॅटहेडचे दोन भाऊ आहेत. अमेरिकेत बनलेलं प्लिमथ-डॉजचं इंजिन, हेडची लांबी साधारण 23 इंच, बोअर (सिलिंडरचा व्यास) सव्वातीन इंच, स्ट्रोक (पिस्टनची चाल) 4 आणि 3/8. आणि कॅनडात बनलेलं, हेड 25 इंच, बोअर 3 आणि 3/8, स्ट्रोक कमी. दोन्ही जवळपास 218 घनइंचाचे, बाहेरून रंग मारला की जुळे. मी टेप न लावता अमेरिकन धरून 40 थाउ मोठे पिस्टन मागवले, डबा उघडला, मोठ्या हौसेने एक पिस्टन सिलिंडरमध्ये ठेवला तर तो डब्यातल्या लिंबासारखा खडखडला. 85 थाउची फट, दोन मिलिमीटरच्या वर! ते पिस्टन अजून घरी आहेत, एकात पेनं ठेवतो. म्हणून आधी हेडवर टेप लाव, मग पिस्टन मागव, पिस्टन हातात आले की ते मशीनवाल्याकडे घेऊन जा आणि म्हण की या पिस्टनला मोजून बोअर करा. कोणी म्हणालं की मॅडम बोअरिंग आज करून टाकतो, पिस्टन येतील तेव्हा येतील, तर ब्लॉक उचलून घरी आण. रिंग गॅप स्वतः फिलर गेजने बघ, बोअरच्या दर इंचाला 3 ते 4 थाउ, म्हणजे तुझ्या गाडीला 10 ते 13.

दम वाढवायचं म्हणतेस ना, तर ऐक, 1951 च्या प्लिमथला कंपनीने 97 हॉर्सपॉवर सांगितली होती (किंगस्वे म्हणजे डॉज नावाची, पण आतून प्लिमथच). तुझ्या गाडीत दोन सिलिंडर अर्धवट झोपलेले, म्हणजे आज साठ-सत्तर तरी मिळत असतील का? आधी ते परत मिळव, अर्धा घाट तिथेच चढशील. त्यावर मी फक्त एक गोष्ट करेन, हेडवरून 40 थाउ फेसिंग, म्हणजे खालचा पृष्ठभाग तेवढा कापून घ्यायचा. मूळ कंप्रेशन रेशो 7 आहे, तो साडेसातच्या आसपास जातो. त्या काळचं पेट्रोल हलकं होतं म्हणून तो इतका कमी ठेवलेला, आज पंपावरचं साधं पेट्रोलसुद्धा किमान 91 ऑक्टेनचं, त्यामुळे नॉकिंगची काळजी नाही. हेड पहिल्यांदा टाकताना वॉल्व्हच्या वर लहान मुलांची खेळायची माती ठेव, इंजिन हाताने दोन फेरे फिरव, हेड काढून माती किती दबली ते बघ, वॉल्व्ह आणि हेडमध्ये जागा उरली का ते कळेल. हेड बोल्ट 65 ते 70 फूट-पाउंड, मधून बाहेर, तीन फेऱ्यांत. काही बोल्ट थेट पाण्यात उतरतात, त्यांना सीलंट लाव नाहीतर आठवड्याने बोल्टाच्या डोक्यावर हिरवट पाणी दिसेल.

डबल कार्बोरेटर, फाडलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, हे सगळं फोटोत फार सुंदर दिसतं, मलाही आवडतं, पण इंदुरात दोन कार्बोरेटर एकसारखे ट्यून करणारा हात शोधायचा, तो दर सहा महिन्यांनी सांभाळायचा, आणि मिळणार काय, वरच्या आरपीएमला चार घोडे. या इंजिनाचा (अमेरिकन निघालं तर) स्ट्रोक 111 मिलिमीटर आहे, बोअर 82.5, ते पळणारं इंजिन नाही, ओढणारं आहे. बैलजोडीला घोड्याचा लगाम कशाला? यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग सुपरचार्जरवाली होती हे खरं, पण ती मिरवायची गाडी, तुझी घरची.

सेल्फचं तर इंजिनाशी काही देणंघेणंच नाही असं वाटतं मला. गाडी 6 व्होल्टची आहे आणि पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला), त्याच कामाला 12 व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, आणि कोणीतरी कधीतरी बॅटरीला आजकालच्या गाडीची बारीक केबल लावलेली असणार. अंगठ्याएवढी जाड तांब्याची केबल लाव, अर्थची पट्टी इंजिनावर घासून स्वच्छ जागी लाव, आणि मग सांग. 12 व्होल्ट करायची गरज वाटली तर नंतर बघू, तो वेगळा आठवडा आहे.

पेट्रोल. शिसंवालं पेट्रोल देशातून 2000 सालीच गेलं, त्याची काळजी तुला नाही, क्रायस्लरने एक्झॉस्ट सीटा पहिल्यापासून कडक धातूच्या घातल्यात. 20 टक्के इथेनॉल मात्र जुन्या रबराला खातं. फ्युएल पंपाचा डायफ्राम इथेनॉलला टिकणारा घाल, होज बदल, टाकी आतून धू कारण इथेनॉल जुना मळ सोडवतं आणि तो कार्बोरेटरमध्ये येऊन बसतो. मिश्रण पातळ होतं म्हणून मेन जेट एक नंबर मोठा करून बघ. आणि मे महिन्यात मॅनिफोल्डजवळून जाणारी पेट्रोलची नळी लांब वळवून घे, नाहीतर नळीतच पेट्रोलची वाफ होऊन (व्हेपर लॉक) गाडी राजवाड्यासमोर बंद पडेल आणि चार जण धक्का मारायला, चाळीस जण सल्ला द्यायला येतील.

डिझेलचं बाबांना एवढंच सांग, 2021 च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, पण चासी, बॉडी, इंजिन यात मोठे बदल केलेले नकोत. रिबोअर आणि हेड फेसिंग ही दुरुस्ती झाली. डिझेल टाकलं की गाडी त्यातून बाहेर. शिवाय ही गाडी वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने जोडलेली असेल तर बाबांना सोलापूरच्या माणसाची आठवण द्या, ते विरघळतील, तुमचं मूळ गाव तिकडचं असेल तर जास्तच.

प्रश्न: माझी जुनी विलीज जीप आहे, साइड वॉल्व्ह चार सिलिंडर. टर्बो लावता येईल का? — एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर: लावता येईल, बेअरिंग हातात येईल. 134 घनइंचाचं, 60 घोड्यांचं इंजिन आहे ते, आणि गंमत म्हणजे स्ट्रोक वरच्या किंगस्वेच्या अमेरिकन इंजिनाइतकाच, 4 आणि 3/8 इंच. ताकद हवी असेल तर त्याच घराण्यातलं एफ-हेड हरिकेन बघा, इनटेक वॉल्व्ह हेडमध्ये गेल्यामुळे श्वास मोकळा होतो, बोअर-स्ट्रोक तेच, दहाएक घोडे जास्त. पण आधी टॅपेट (वॉल्व्हची फट) सेट करा राव, दर वेळी पत्र येतं आणि निम्म्या वेळी टॅपेटच निघतं.

प्रश्न: आमची 1948 ची शेव्हरोले, 216 घनइंचाचं सहा सिलिंडर. 2023 च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसला भरलेल्या प्रदर्शनात एका गृहस्थांनी ऑइल प्रेशरच्या गेजवर 14 बघून सांगितलं की इंजिन संपलंय, लगेच खोला. खोलू का? — एक वाचक, वडोदरा

उत्तर: थांबा, खोलू नका! तुमच्या इंजिनाला 14 म्हणजे तब्येत ठणठणीत. 216 मध्ये कनेक्टिंग रॉडला पूर्ण प्रेशरने ऑइल जात नाही, रॉडच्या टोकाला चमच्यासारखा डिपर असतो, तो खाली पन्हाळीतून ऑइल उडवत फिरतो आणि वेगात नळीतून एक धार त्याच्यावर पडते. त्यामुळे गेजचा आकडा लहानच. त्या गृहस्थांची गाडी वेगळी असणार.

खोलायची वेळ रॉडचा ठोका ऐकू आला की येते. रॉडच्या बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल ओतलेलं असतं आणि कॅपखाली पातळ शिमांची (पत्र्याच्या चकत्यांची) चळत. शिम एकेक काढून फट जमवायची, प्रत्येक वेळी रॉड हाताने हलवून बघायचा. हे काम येणारा म्हातारा मिस्त्री शहरात असेल तर त्याच्यापाशी आजच जाऊन बसा, चहा पाजा, पोराला पण सोबत न्या. दम वाढवायचा मोह झाला तर 216 ला ताण देऊ नका, 1954 पासूनचं 235 शोधा, त्यात सगळीकडे प्रेशरने ऑइल जातं आणि रॉडला शेल बेअरिंग आहेत, मग हायवेवर मनात धाकधूक राहत नाही. फक्त 1955 पासूनच्या इंजिनाचा वॉटर पंप तुमच्या रेडिएटरच्या फॅनला जुळत नाही, मध्ये अ‍ॅडाप्टर प्लेट लागते, ती आधी हातात घ्या आणि मगच जुनं इंजिन उतरवा. उतरवलं तरी विकू नका, गाडीवर मूळ नंबर त्याचाच आहे.