घर पोराला, दवाखाना लेकीला?

प्रश्न : ताई नमस्कार. मी ६२ वर्षांची, यजमान ६८चे. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर आहे, सासऱ्यांनी मागावर कष्ट करून बांधलेलं, एके काळी पंगतीला चौदा माणसं असायची, आता आम्ही दोघंच. मुलगा-सून हिंजवडीला. मुलगी इथंच जुळे सोलापूरला, ह्यांची शुगर, डोळ्याचं ऑपरेशन सगळं तीच बघते. मुलगा सारखा फोन करायलाय की घर बक्षीसपत्रानं माझ्या नावावर करा, विकून पुण्यात मोठा फ्लॅट घेतो, तुम्हालाही नेतो. नाही म्हणलं तर पोरगं तुटंल, हो म्हणलं तर लेकीला काय तोंड दाखवू? घरपट्टी ह्यांच्याच नावानं येते. पूर्वी असं नव्हतं हो.

उत्तर : काकू, शेवटचं वाक्य आधी घेते. पूर्वी असं नव्हतं ते खरंय, पण का नव्हतं? तुमच्या घरात माग होता म्हणून. पुरुष मागावर, बायका सुताच्या कांड्या भरायला, म्हातारी माणसं पोरं सांभाळायला, एकाच छपराखाली कारखाना आणि संसार दोन्ही, वेगळं निघून जाणार कुठं? ज्यांच्याकडं माग नव्हता त्यांच्या बायका दारात बसून विड्या वळायच्या. १८७७ला ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी निघाली तेव्हापासून ह्या गावाचं पोट सुतावर, आणि एकत्र कुटुंबाला बांधून ठेवणारं सूत पण तेच, निव्वळ माया नव्हे. तुम्ही स्वतः चौदा जणांच्या भाकऱ्या थापल्यात, तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं का की थकलात का म्हणून? माग विकले, पोरं कॉम्प्युटरवर गेली, घर पांगलं. त्यात तुमच्या मुलाचा गुन्हा नाही.

आता घराचं. घरपट्टी कुणाच्या नावानं येते त्यावरून मालकी ठरत नाही, आधी सिटी सर्व्हेचा उतारा, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढा. सासऱ्यांनी स्वतःच्या कमाईनं बांधलेलं आणि मृत्युपत्र न करता ते गेले असतील तर घर एकट्या तुमच्या यजमानांचं नाही, त्यांच्या भावांचं आणि बहिणींचंही आहे. हो, नणंदांचं पण. लोकांना वाटतं मुलींना हक्क २००५ला मिळाला, तो वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं मिळणारा, पण बापाच्या स्वतःच्या कमाईत मुलगी १९५६च्या कायद्यापासूनच वारस आहे. आपल्याकडं राखीला साडी देऊन तो विषय मिटवायची पद्धत, ते सोडा. म्हणजे मुलगा म्हणतो तसं अख्खं घर एका सहीनं त्याच्या नावावर कदाचित होणारच नाही.

यजमानांचा जो हिस्सा निघेल तो ते कुणालाही देऊ शकतात, पण बक्षीसपत्र म्हणजे आजच हातातून गेलं आणि मृत्युपत्र म्हणजे आपण असेपर्यंत आपलं, हवं तेव्हा बदलता येतं. माझं मत विचाराल तर मृत्युपत्रच करा आणि लेकीचं नाव त्यात घाला, कारण आजारपणात रात्री उठून येणारी तीच आहे. बक्षीसपत्रच करायचं झालं तर आम्हाला शेवटपर्यंत सांभाळायचं ही अट कागदात लिहून घ्या. २००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्याच्या २३व्या कलमात अशी अट मोडली तर प्रांताधिकाऱ्याकडच्या न्यायाधिकरणात जाऊन बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसली की फार जड जातं. आणि सांभाळायची जबाबदारी त्या कायद्यात मुलगा-मुलगी दोघांवर सारखीच आहे बरं का, सुनेवर नाही, तेव्हा ‘सून बघत नाही’ ही तक्रार मुलाकडं करायची.

पुण्याला जायचंच असेल तर आधी दोन महिने राहून बघा, घर न विकता. अकराव्या मजल्यावर दिवसभर दोघंच, खाली ओळखीचं माणूस नाही, काकांना करमेल का? मुलाला हे सगळं फोनवर सांगू नका. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला सगळे येतात ना, तेव्हा लेकीला, जावयाला समोर बसवून बोला.

प्रश्न : बायकोला पुण्यात चांगली नोकरी लागली, माझं दुकान इथं सोलापुरात, नवी पेठेत. शनिवारी मी जातो नाहीतर ती येते. आई म्हणते हा काय संसार? मित्र पण हसतात.

उत्तर : दादा, नवरा दुबईला आणि बायको गावात, असे संसार किती झाले, तेव्हा कुणी हसलं नाही. इथं लांब बायको गेलीय एवढाच फरक. पुण्याच्या हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट आधीच काढून ठेवत जा. फक्त मूल झाल्यावर कोण कुठं राहणार हे आत्ताच दोघं बसून ठरवा, तेव्हा ‘बघू’ म्हणून चालत नाही, आणि दुकान हलवायची वेळ तुमच्यावर पण येऊ शकते हे मनात धरून बोला. आईंना एकदा घेऊन जा तिच्याकडं, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून, चार दिवस राहू द्या. सुनेला सकाळी किती वाजता बस पकडावी लागते ते त्यांना दिसंल तरी.