शिंतोड्यांवरून मारेकरी कळतो का?

प्रश्न : वेब मालिकेत तपास अधिकारी भिंतीवरचे रक्ताचे शिंतोडे पाहून ‘मारेकरी डावखुरा, उंची पावणेसहा फूट’ असं सांगून मोकळा होतो. खरंच एवढं कळतं का?
– विधी शाखेची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : उंचीचं सोडून द्या. थेंब किती तिरका आला, एवढं मात्र मोजता येतं. सरळ पडला तर डाग गोल, तिरका आला तर लांबुळका. रुंदी लांबीच्या निम्मी भरली, तर कोन ३० अंशांचा. अशा बऱ्याच डागांपासून मागे रेषा ओढल्या की वाराची जागा अंदाजे सापडते. पण थेंब उडताना वाकतो, रेषा वाकत नाही. म्हणून ती जागा असते त्याहून वर दिसते.

हे झालं गुळगुळीत भिंतीचं. माझी नोकरी प्रयोगशाळेत गेली आणि टेबलावर यायचे ते शर्ट, लुंग्या, चादरी. ओला शर्ट घडी घालून पाकिटात कोंबलेला असला, की छातीवरचा डाग पाठीवर छापलेला! वार पुढून की मागून, काय कपाळ सांगणार? शिवाय सुती कापड रक्त पितं, धाग्याधाग्यानं पसरवतं. त्यात कोन कसला मोजता?

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं डेव्हिड कॅमचं प्रकरण जरूर वाचा. २००० साली त्याची पत्नी आणि दोन मुलं गोळ्या घालून मारली गेली. त्याच्या टी-शर्टवर रक्ताचे आठ बारीक ठिपके होते. सरकारी तज्ज्ञ म्हणाले, गोळी झाडताना उडालेलं रक्त. बचावाचे तज्ज्ञ म्हणाले, मुलाला गाडीतून बाहेर काढताना मुलीचे रक्ताळलेले केस घासले. ठिपके तेच, तज्ज्ञ दोन्हीकडे नावाजलेले! दोनदा दोषी ठरून, दोन्ही निकाल रद्द होऊन, २०१३ मध्ये तो निर्दोष सुटला.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७५ विश्लेषकांची सुमारे ११ टक्के उत्तरं चुकली. परीक्षेत चालेल हो, खुनाच्या खटल्यात नाही.

उद्या वकील झालात, तर तज्ज्ञाला आधी एवढंच विचारा : डाग पाहण्यापूर्वी पोलिसांनी तुम्हाला काय काय सांगितलं होतं?