सलाइन लावता येते, पण इंजेक्शन शिरेतून द्यावे का?

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात व्होकेशनल नर्स (नोंदणीकृत नर्सच्या खालची पायरी; फ्लोरिडात हिलाच प्रॅक्टिकल नर्स म्हणतात) होते आणि तिथल्या बोर्डाचे सलाइनविषयक प्रमाणपत्र माझ्याकडे होते. आता फ्लोरिडाचा प्रॅक्टिकल नर्सचा परवाना घेऊन मी एका नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करते. गेल्या आठवड्यात एका आजोबांना धाप लागली, तेव्हा पर्यवेक्षक नर्सने फोनवरून सांगितले की डॉक्टरांची ऑर्डर आहे, फ्युरोसेमाइड (अंगातले जादा पाणी लघवीवाटे काढणारे औषध) सिरिंजने सरळ शिरेतून दे. मी नकार दिला. ती येऊन इंजेक्शन देईपर्यंत वीस मिनिटे गेली आणि त्याचा ठपका माझ्यावर आला. माझे चुकले का?

उत्तर : तुमचे चुकले नाही. प्रॅक्टिकल नर्सने सलाइनचे काम कुठवर करावे हे अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नर्सिंग कायदा आणि त्या राज्याचे बोर्ड ठरवते. फ्लोरिडाच्या नियमांत, नोंदणीकृत नर्स किंवा डॉक्टर यांची प्रत्यक्ष देखरेख नसेल तर, सिरिंजने थेट शिरेत औषध सोडणे प्रॅक्टिकल नर्सच्या कक्षेबाहेर ठेवलेले असून, अपवाद आहे तो नळी मोकळी ठेवण्यासाठी तिच्यातून सोडायच्या हेपरिन (रक्त गोठू न देणारे औषध) व सलाइन फ्लशचा. रक्त किंवा रक्तघटक चढवायला सुरुवात करणे, कर्करोगावरील केमोथेरपी देणे आणि सलाइनमध्ये औषध मिसळून द्रावण तयार करणे हीही कामे त्याच यादीत येतात. डॉक्टरांच्या ऑर्डरने औषध देण्याला आधार मिळतो, परंतु ते कोणी द्यायचे याची कक्षा त्या ऑर्डरने रुंदावत नाही. आणि नोंदणीकृत नर्सलाही, स्वतःच्या अखत्यारीतले असले तरी, तुमच्या परवान्यात न बसणारे काम तुमच्यावर सोपवता येत नाही.

तुमचा गोंधळ होणे मात्र स्वाभाविक आहे, कारण दोन्ही राज्यांच्या रेषा वेगवेगळ्या जागी ओढलेल्या आहेत. कॅलिफोर्नियात प्रमाणपत्रधारक व्होकेशनल नर्सला शिरेतून द्रव सुरू करता येतो, आणि त्या 'द्रवा'च्या व्याख्येत रक्त व रक्तघटकही मोडतात. शिरेतून औषध देणे मात्र तिथे साधारणपणे वर्ज्य आहे. म्हणजे जी रक्ताची पिशवी तुम्ही तिथे लावत होता, ती इथे तशा प्रत्यक्ष देखरेखीशिवाय तुम्ही सुरू करायची नाही. (परवाना बदलला की जुनी सवय आधी बदलावी लागते, आणि तेच सर्वांत जड जाते.)

आता सलाइन लावणे आणि सिरिंजने औषध देणे यांत नियम भेद का करतात, त्याचे कारण. 1000 मिलिलिटर सलाइन आठ तासांत द्यायचे असेल, तर मिलिलिटरला 15 थेंबांच्या सेटवर मिनिटाला साधारण 31 थेंब पडतात. हात सुजला, सुईची जागा थंड पडली किंवा दुखू लागली, तर क्लॅम्प बंद करून पुढचे थांबवता येते. सिरिंजमधून गेलेले औषध तसे थांबवता येत नाही. फ्युरोसेमाइडचा 40 मिलिग्रॅमचा डोस एक ते दोन मिनिटे घेऊन सावकाश द्यायचा असतो, कारण तो घाईने ढकलल्यास ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो. शिवाय आधी रक्तदाब व पोटॅशियम पाहून, आत्ता द्यावे की थांबावे हे कोणीतरी पलंगाजवळ उभे राहून ठरवायचे असते. तो निर्णय फोनवरून घेण्याजोगा नव्हता.

तरीही एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. नुसते 'मी देणार नाही' म्हणून थांबू नये. नकाराच्या त्याच वाक्यात 'तुम्ही आत्ता या, तोवर मी त्यांना बसते करून नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन पाहते. आणखी बिघडले तर रुग्णवाहिका बोलावते' असे सांगावे आणि फोनची वेळ, मिळालेली सूचना, तुमचे उत्तर हे सारे नोंदवहीत उतरवावे. तुम्ही हे केले असेल, तर त्या वीस मिनिटांचा जाब तुम्हाला नव्हे, रात्रपाळीची रचना करणाऱ्यांना विचारायला हवा.

फ्लोरिडातील 30 तासांचे सलाइन प्रशिक्षण झाले आहे का, हेही तपासा. छातीजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणाऱ्या नळीवर काम करायचे असल्यास त्यासाठी 4 तासांचे वेगळे शिक्षण आणि नोंदणीकृत नर्सचे निर्देशन लागते. संस्थेचे धोरण या मर्यादा आणखी आवळू शकते, सैल करू शकत नाही.

प्रश्न : माझा व्होकेशनल नर्सचा बहुराज्यीय परवाना (करारात सामील असलेल्या सर्व राज्यांत चालणारा) टेक्सासचा आहे. फ्लोरिडात थोडे दिवस काम करताना कोणते नियम लागू होतील?

उत्तर : रुग्ण ज्या राज्यात आहे त्या राज्याचे, म्हणजे फ्लोरिडाचे. कायमचे राहायला तिकडे गेलात, तर 60 दिवसांच्या आत तिथल्या परवान्यासाठी अर्ज करावा लागेल.