गावात मांजरं फार वाढलीत. कमी खर्चात नसबंदी कशी करून घ्यावी?

भोर तालुक्यातली तुमची वाडी, वीसेक मांजरं, आणि खासगी दवाखान्याचा दर ऐकून लोक गप्प बसलेत, असं तुम्ही लिहिलंय. मी शेजारच्या वाई तालुक्यात हेच काम करते. दराचं नंतर बघू. आधी कुठलं मांजर कुणाच्या दारात जेवतं, त्याची यादी करा. रोज दूध-भात घालणारी बाई बरोबर असली की निम्मं काम झालं, कारण मांजर तिच्याच हाताला येतं.

पैसे पाच मांजरांपुरतेच असतील तर पाचही भाट्या, म्हणजे माद्या, उचला. चार बोके केले आणि एक राहिला, तर तो एकटा सगळ्या वाडीला पुरतो. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. "एकदा तरी विऊ दे बिचारीला" म्हणणारी एखादी आजी भेटेलच. तिच्याशी वाद नको, पिल्लं कोण सांभाळणार तेवढं विचारा.

जवळच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नुसता पशुधन पर्यवेक्षक असेल, तर हे ऑपरेशन त्याचं काम नाही. पशुधन विकास अधिकारी हे पदवीधर डॉक्टर असतात, पण त्यांचा दिवस गाई-म्हशींतच जातो. विचारून बघा, भीड कसली. तुम्हाला मात्र शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. सरकारी महाविद्यालयाच्या चिकित्सालयात शुल्क सहसा खासगीपेक्षा बरंच कमी असतं. आधी फोन करून कोणत्या वारी, एका वेळी किती मांजरं घेतील ते ठरवा. एकेक नेलंत तर गाडीभाडंच ऑपरेशनपेक्षा महाग पडेल. भातकापणी उरकल्यावरचे दिवस धरा. माणसं मोकळी असतात आणि जमीन कोरडी असते.

पिंजरे विकत घ्यायची गरज नाही. भाजीचे दोन क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीने घट्ट बांधा, वरून जुनं लुगडं टाका. अंधारात मांजर शांत बसतं. आदल्या संध्याकाळीच कोंडा, नाहीतर सकाळी सगळी गायब. मोठ्या मांजराला रात्रीनंतर खायला नको, पाणी चालेल. लहान पिल्लांना इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत, त्यांचं डॉक्टरांना विचारा.

भूल असतानाच डाव्या कानाचं टोक कापायला सांगा. लोकांना ते क्रूर वाटतं, मला नाही. ती खूण नसेल तर पुढच्या वर्षी त्याच भाटीचं पोट पुन्हा उघडलं जाईल. टाके विरघळणारे घालायला सांगा, म्हणजे टाके काढायला पुन्हा धरपकड नको. त्याच भुलेत रेबीजची लसही टोचून घ्या.

बोका पूर्ण शुद्धीवर आला, खायला लागला की दुसऱ्या दिवशी सोडा. भाटीला दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत ठेवा. दुखतंय म्हणून माणसाची पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका. एका गोळीनेही मांजर मरू शकतं. सोडायचं ते जिथून उचललं तिथेच. बाजारात नेऊन सोडलेलं मांजर उपाशी मरतं, आणि तुमच्या वाडीतली रिकामी जागा दुसरं धडधाकट मांजर येऊन घेतं.

पकडताना कुणाला चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. हळद-चुना लावत बसू नका.